अपघातानंतर ‘मिटवून टाकू’ म्हणण्यापूर्वी

महाड, खास प्रतिनिधी

मुंबई-गोवा महामार्ग महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतून जातो. दक्षिणेला कशेडी, पूर्वेला महाबळेश्वरकडे चढणारा आंबेनळी आणि भोरकडे जाणारा वरंध असे तीन घाट या परिसराला वेढून आहेत. इथल्या बहुतेक घरांतले कोणी ना कोणी मुंबईत किंवा पुण्यात नोकरीला असते. त्यामुळे येथील अपघाताचे स्वरूप गुंतागुंतीचे होते. अपघात पोलादपूर हद्दीत घडतो, जखमी मुंबईच्या रुग्णालयात हलवला जातो, वाहनाचा मालक पुण्याचा निघतो आणि चालक तिसऱ्याच जिल्ह्यातला असतो. अशा वेळी रस्त्यावर जमलेल्यांपैकी कोणीतरी शहाणपणाचा सल्ला देतो, ‘पोलिसांत कशाला जाता, आपसात मिटवून टाका.’ पाच-दहा हजारांत प्रकरण मिटते. महिनाभराने पायातला रॉड, दुसरी शस्त्रक्रिया आणि बुडालेला रोजगार यांचा हिशेब समोर येतो, तेव्हा हातात ना प्रथम खबर असते, ना पंचनामा, ना वाहनाचा क्रमांक.

या सल्ल्यामागे एक गैरसमज आहे. अपघातानंतर सुरू होणारी कायद्याची प्रक्रिया एकच असते, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात त्या तीन असतात. पहिली चालकाविरुद्धचा फौजदारी गुन्हा, दुसरी वाहतूक नियमभंगाचे चलान आणि तिसरी नुकसानभरपाईचा दावा. तिन्ही स्वतंत्रपणे चालतात. एक बंद झाली म्हणून दुसरी बंद होत नाही.

याचे सर्वात विदारक उदाहरण याच परिसरात आहे. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांना महाबळेश्वरकडे नेणारी बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली. बसमधील एकच जण वाचला. अशा दुर्घटनेत चालकही मृत्युमुखी पडला, तर त्याच्याविरुद्धचा फौजदारी खटला तेथेच संपतो, कारण मृत व्यक्तीवर खटला चालवता येत नाही. भरपाईचे मात्र तसे नाही. ती चालकाकडून नव्हे, तर वाहनाचा मालक आणि विमा कंपनी यांच्याकडून मागायची असते. तो हक्क चालकाच्या मृत्यूने बुडत नाही.

गुन्हा कोणता, अटक होते का?

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. त्यापूर्वी घडलेल्या अपघातांना जुनीच कलमे लागू राहतात. नव्या संहितेत बेदरकारपणे वाहन चालवणे कलम २८१ खाली येते, तर हयगयीमुळे एखाद्यास दुखापत किंवा गंभीर दुखापत झाल्यास कलम १२५ लागते. हयगयीने मृत्यू झाल्यास कलम १०६ (१) आहे. पूर्वीच्या ३०४-अ कलमात कमाल शिक्षा दोन वर्षांची होती, ती आता पाच वर्षांची झाली. तरीही ही तिन्ही कलमे जामीनपात्र आहेत. जामीन मिळणे हा येथे आरोपीचा हक्क असतो. शिक्षा सात वर्षांपर्यंतची असेल, तर सरसकट अटक न करता नोटीस देऊन चौकशीला बोलावण्याचा मार्ग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्ये आहे. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्यास एरवी अटक होत नाही. अटक करायचीच असेल, तर तिची कारणे पोलिसांना लेखी नोंदवावी लागतात.

मद्यप्राशन करून वाहन चालवल्याने मृत्यू झाला, तर चित्र पालटते. पोलीस सदोष मनुष्यवधाचे कलम लावू शकतात. ते अजामीनपात्र असून खटला सत्र न्यायालयात चालतो. पुण्यात कल्याणीनगर येथे १९ मे २०२४ रोजी झालेल्या अपघातात हेच कलम (तेव्हाचे ३०४) लावण्यात आले होते.

अपघात करून पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद कलम १०६ (२) मध्ये आहे. तिच्याविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये मालमोटार चालकांनी देशभर संप केला आणि १ जुलैला संहिता अमलात आली, तेव्हा हे पोटकलम वगळून ठेवण्यात आले. याचा अर्थ पळून जाणे माफ आहे, असा नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना माहिती देणे ही चालकाची जबाबदारी आहे. ‘जमाव मारेल म्हणून निघून आलो’ असे अनेक चालक सांगतात. जमावाच्या भीतीचा विचार कायद्यानेही केला आहे. मात्र त्याची अट अशी, की चालकाने शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत, जवळच्या ठाण्यात जाऊन खबर द्यायला हवी. घरी जाऊन फोन बंद ठेवणे त्यात बसत नाही.

जखमीच्या नातेवाइकांचा नेहमीचा प्रश्न वेगळा असतो. रुग्ण मुंबईत दाखल आहे, तक्रारीसाठी पोलादपूरला कोण जाणार? जाण्याची गरज नाही. हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्याने खबर नोंदवून ती संबंधित ठाण्याकडे वर्ग करावी, अशी तरतूद आता कायद्यातच आहे. खबरीची प्रत तक्रारदारास विनामूल्य मिळते. रुग्णालयात दाखल करताना ‘पडून लागले’ असे सांगू नये. वैद्यकीय-कायदेशीर नोंदीत ‘वाहनाच्या धडकेने’ हे शब्द नसतील, तर पुढे विमा कंपनीचे वकील पहिले बोट तेथेच ठेवतात.

रस्त्यावर मुद्रांकावर लिहून घेतलेल्या समझोत्याचे काय? गुन्हा एकदा नोंदला गेला, की तो तक्रारदाराच्या मर्जीने मागे घेता येत नाही. दुखापतीचे कलम न्यायालयाच्या परवानगीने आपसात मिटू शकते. बेदरकार वाहन चालवणे आणि हयगयीने मृत्यू ही कलमे तशी मिटत नाहीत. त्यासाठी उच्च न्यायालयातच जावे लागते.

चलान भरले म्हणजे सुटलो?

चलानाच्या बाबतीत गोंधळ अधिक आणि धोका त्या मानाने कमी. दंड भरणे म्हणजे तेवढ्या नियमभंगापुरती तडजोड होय. त्याने अपघाताचा गुन्हा मिटत नाही, आणि अपघाताचा संपूर्ण दोष कबूल केला असाही अर्थ होत नाही. कॅमेऱ्याने टिपलेले चलान मालकाच्या मोबाइलवर येते. वाहन दुसरा कोणी चालवत असेल, तर त्याचे नाव-पत्ता कळवणे कलम १३३ नुसार मालकावर बंधनकारक आहे. चलान चुकीचे वाटल्यास राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर पुराव्यासह तक्रार करता येते. तेथे दाद न मिळाल्यास न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे म्हणणे मांडता येते. परवाना व नोंदणीपत्र डिजिलॉकरमध्ये असले, तरी ते मूळ कागदाप्रमाणेच ग्राह्य आहे. मद्यपान करून वाहन चालवल्याचा खटला मात्र रस्त्यावर दंड भरून मिटत नाही. त्यासाठी न्यायालयातच हजर व्हावे लागते.

गणपतीला गावी आल्यावर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हाती कौतुकाने मोटारसायकल देणाऱ्या पालकांनी कलम १९९-अ एकदा वाचावे. अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होतो. वाहनाची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि मुलाला २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. शिवाय अशा अपघातात विमा कंपनी जखमीला आधी पैसे देऊन नंतर ते मालकाकडून वसूल करू शकते.

भरपाई किती, कोठे, केव्हापर्यंत?

‘मिटवून टाकू’ची खरी किंमत येथे कळते. समजा, महाड औद्योगिक वसाहतीत दरमहा १५ हजार रुपये मिळवणारा, ३० वर्षे वयाचा, घरात चौघांचा पोशिंदा असलेला कंत्राटी कामगार दुसऱ्याच्या चुकीने मृत्युमुखी पडला. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) व प्रणय सेठी (२०१७) या निकालांत घालून दिलेल्या पद्धतीनुसार वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार धरले जाते. त्यात भविष्यातील वाढीचे ४० टक्के मिळवले, की २ लाख ५२ हजार होतात. मृताच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा केल्यावर १ लाख ८९ हजार उरतात. या वयासाठीचा गुणक १७ आहे. म्हणजे ३२ लाख १३ हजार, आणि अंत्यविधी व सहवास गमावल्याबद्दलच्या रकमा वेगळ्या. गृहिणीच्या श्रमाचेही काल्पनिक उत्पन्न धरावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. ‘ती कमावत नव्हती’ हे उत्तर आता चालत नाही.

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे दाखल करायचा असतो. या भागासाठी ते माणगाव येथे आहे. पण अपघाताच्या ठिकाणीच दावा करावा, असे बंधन नाही. दावेदार जेथे राहतो तेथेही तो करता येतो. म्हणजेच पोलादपूरच्या अपघाताचा दावा मुंबईकर कुटुंब मुंबईत लावू शकते. मुदत मात्र ध्यानात ठेवावी. १ एप्रिल २०२२ पासून ती अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची आहे. केवळ मुदत टळली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तथापि, अंतरिम आदेशाच्या भरवशावर वेळ काढणे शहाणपणाचे नाही. पोलिसांनीही अपघाताचा सविस्तर अहवाल तीन महिन्यांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. तो गेला की नाही, हे ठाण्यात जाऊन विचारावे.

फौजदारी न्यायालयात चालक निर्दोष सुटला, तर दावा बुडतो का? नाही. तेथे गुन्हा संशयापलीकडे सिद्ध करावा लागतो. न्यायाधिकरण मात्र कोणती बाजू अधिक संभाव्य आहे, एवढेच पाहते. चूक कोणाची हे सिद्ध करण्याच्या भानगडीत पडायचे नसेल, तर कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख व गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख अशी ठरावीक रक्कम मागता येते. धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूसाठी २ लाख व गंभीर दुखापतीसाठी ५० हजार मिळतात. त्याचा अर्ज अपघात झालेल्या भागातील महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा असतो. रात्री महामार्गावर पादचाऱ्याला उडवून गेलेल्या वाहनांच्या प्रकरणांत ही तरतूद कामाची आहे, पण ती ठाऊक असलेले थोडेच.

स्वतःच्याच चुकीने कठड्यावर आदळून दगावलेल्या चालकाच्या वारसांना मात्र असा दावा करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये तेच सांगितले. त्यांच्यासाठी मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा असतो. पॉलिसीत तो १५ लाखांचा आहे ना, हे घाट उतरण्यापूर्वी पाहावे.

उपचारांच्या बाबतीत मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार अपघातग्रस्तास नियुक्त रुग्णालयात पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार मिळतात. पोलीस येईपर्यंत थांबा, असे डॉक्टरांनी सांगू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच बजावले आहे. जखमीला उचलून आणणाऱ्यालाही नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

आणि रस्त्याचाच दोष असेल तर?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन बसगाड्या व अन्य वाहने. तेथे चालकाचा काय दोष होता? हा प्रश्न तेव्हा सर्वांनी विचारला, पण कायद्यात त्याचे थेट उत्तर नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आले. रस्त्याची रचना, बांधकाम वा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधित प्राधिकरण, ठेकेदार वा सल्लागार यांना त्याखाली एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. रक्कम पाहता ही शिक्षा नाममात्रच म्हणावी लागेल, आणि तो दंडही पीडिताला नव्हे, तर निधीत जमा होतो. त्यापेक्षा मुंबई उच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०२५ चा आदेश उपयोगी आहे. खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख आणि जखमीस दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये रस्त्याची जबाबदारी असलेल्या यंत्रणेने द्यावेत, असे त्यात म्हटले आहे. यासाठी खड्ड्याचे छायाचित्र, तारीख आणि ठिकाणाचा किलोमीटर दगड यांची नोंद त्याच दिवशी करून ठेवावी. पुढच्या आठवड्यात खड्डा बुजवलेला असतो.

वकिलाची फी परवडत नसल्यास तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि पूर, दरड यांसारख्या आपत्तींचे बळी यांना मोफत विधी साहाय्यासाठी उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी राज्यात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५१०० असा आहे.