सिग्नल जनरेटर आणि जुना रेडिओ: ट्यूनिंग असं करा 📻

एएम रेडिओची आयएफ (इंटरमिजिएट फ्रिक्वेन्सी) जुळवायची असेल, तर आतच मॉड्युलेशन असलेला सिग्नल जनरेटर सोयीचा. नुसता कॅरिअर स्पीकरमधून ऐकू येत नाही. त्यावर टोन चढवला की कानानेही काम होतं.

🔹 जनरेटर आधी नीट तापू द्या, म्हणजे फ्रिक्वेन्सी सरकत नाही.
🔹 फ्रिक्वेन्सी ४५५ किलोहर्ट्‌झ. मॉड्युलेशन 'इंटर्नल' एएम, टोन ४०० हर्ट्‌झ किंवा १ किलोहर्ट्‌झ, डेप्थ ३० टक्के.
🔹 सिग्नल ०.०१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून द्या, म्हणजे सर्किटमधला डीसी जनरेटरकडे येत नाही.
🔹 लेव्हल जेमतेम ऐकू येईल इतकीच. जास्त दिलीत, तर रेडिओचा एजीसी (ऑटोमॅटिक गेन कंट्रोल) गेन कमी करतो आणि शिखर नेमकं कुठे आहे ते कळत नाही.
🔹 आयएफटीचे (आयएफ ट्रान्सफॉर्मरचे) स्लग प्लॅस्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने, आवाज सर्वाधिक होईपर्यंत फिरवा. फेराइट ठिसूळ असतं, जोर लावू नका.

१ किलोहर्ट्‌झ टोन आणि ३० टक्के डेप्थला साइडबँड ४५४ आणि ४५६ वर येतात, कॅरिअरपेक्षा सुमारे १६.५ डीबी खाली.

⚠️ रेडिओऐवजी ट्रान्सीव्हर जोडलाय? पीटीटी (ट्रान्समिटचं बटण) दाबू नका. जनरेटरचा अटेन्युएटर जळू शकतो!

#हॅमरेडिओ #इलेक्ट्रॉनिक्स