खोक्यावरची चिन्हे मोजू नका

छोट्या डिजिटल कॅमेऱ्याच्या खोक्यावर हल्ली वाय-फाय, ब्लूटूथ, लाइव्ह स्ट्रीमिंग अशा चिन्हांची रांगच असते आणि दोन मॉडेलांमध्ये निवड करताना गिऱ्हाईक बहुधा ती चिन्हे मोजते. ही मोजणी फसवी आहे. प्रत्येक सोयीबद्दल विचारायचे ते असे, की ती चालायला कॅमेऱ्याबाहेर कोणाची साथ लागते? कंपनीचे ॲप किंवा कंपनीचा सर्व्हर लागत असेल, तर ती सोय कॅमेऱ्याच्या आधी संपण्याची शक्यता मोठी. निकॉनच्या 2008 सालच्या कूलपिक्स पी6000 मध्ये जीपीएस तर होतेच, शिवाय ऑफिसातल्या कॉम्प्युटरला असते तसे लॅन केबलचे पोर्टही होते. त्या पोर्टमधून फोटो जायचे ते निकॉनच्याच ‘माय पिक्चरटाउन’ या सेवेकडे. 2013 मध्ये ती सेवा बंद झाली आणि धडधाकट कॅमेऱ्यावर एक निरुपयोगी भोक उरले. सॅमसंगने 2012 मध्ये आणलेला गॅलेक्सी कॅमेरा तर सिमकार्ड घेणारा, अँड्रॉइडवर चालणारा, 21 पट झूमचा होता. जोडणीच्या बाबतीत त्या काळी त्याच्या पुढे कोणी नव्हते. पण त्यातले अँड्रॉइड जुने झाले, नवी ॲप्स त्यावर चालेनाशी झाली आणि ज्या गुणासाठी लोकांनी तो घेतला तोच आधी गेला.

यावर लगेच येणारा आक्षेप रास्त आहे: फोटो काढल्याबरोबर घरच्यांना पाठवता आला नाही, तर कॅमेरा बाळगायचा कशाला? गरज खरीच आहे, पण ती वाय-फाय कितपत भागवते ते पाहू. बहुतेक छोटे कॅमेरे स्वतःचे वाय-फाय नेटवर्क उभे करतात आणि फोनला त्यावर यावे लागते. त्या नेटवर्कवर इंटरनेट नसते, म्हणून फोन तशी सूचना देतो आणि पुष्कळदा आपणहून मोबाइल डेटाकडे परततो. जोडणी तुटते, ॲप पुन्हा उघडावे लागते. निकॉनच्या स्नॅपब्रिजने 2016 पासून ब्लूटूथची जोडणी सतत चालू ठेवून हा त्रास कमी केला, मात्र आपोआप येणारे फोटो 2 मेगापिक्सेलचे, म्हणजे व्हॉट्सॲपला पुरेसे आणि छापायला अपुरे. याउलट यूएसबी-सीचा साधा कार्ड रीडर फोनला लावला, की मूळ आकाराचे फोटो ॲपशिवाय, पासवर्डशिवाय उतरतात. एक चिमुकली वस्तू खिशात वागवावी लागते, हे मान्य. पण तिला कोणाच्या सर्व्हरची गरज नाही.

दुसरा आक्षेप असा, की चार वर्षांनी कॅमेरा बदलायचाच, तर एवढा लांबचा विचार कशाला? छोट्या कॅमेऱ्यांच्या बाबतीत हे खरे ठरलेले नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे कॅमेरे तरुण मुले अलीकडे पुन्हा हौसेने वापरू लागली आहेत. हे कॅमेरे आजही उपयोगी पडतात, कारण एसडी कार्ड आणि जेपेग फाइल या दोन्ही गोष्टी कोणा एका कंपनीच्या मुठीत नाहीत. अंगभूत सोयींचेही तसेच. रिको जीआर 3 मध्ये 2 जीबी स्मृती आतच आहे, त्यामुळे कार्ड घरी राहिले तरी काम अडत नाही. हॉट शू, म्हणजे वर फ्लॅश किंवा माइक बसवायची खाच, आहे, पण माइकची पिन लावायला जागा नाही. सोनी आरएक्स100 च्या सातव्या आवृत्तीत नेमके उलटे: माइकच्या पिनेची जागा आहे, हॉट शू नाही, म्हणजे माइक बसवायला वेगळी पट्टी घ्यावी लागते. व्हिडिओ करणाऱ्याला हा फरक ब्लूटूथच्या आवृत्तीपेक्षा कितीतरी मोलाचा.

चार्जिंगही याच कसोटीवर घासून पाहावे. युरोपीय संघाने 28 डिसेंबर 2024 पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या डिजिटल कॅमेऱ्यांना यूएसबी-सी सक्तीचे केले, हे उत्तमच झाले, कारण चार्जर हरवला म्हणून कॅमेरा पडून राहण्याचे दिवस त्यामुळे सरतील. पण पोर्टचा आकार जुळला म्हणजे काम झाले असे नाही. कॅननच्या जी7 एक्स मार्क 3 ला यूएसबी-सी आहे, तरी बॅटरी आत ठेवून चार्ज करायची तर ‘पॉवर डिलिव्हरी’ या यूएसबी मानकाचा चार्जरच लागतो. जुना साधा चार्जर लावला तर चार्जिंग सुरूच होत नाही. तेव्हा दुकानात जाताना घरातला रोजचा फोनचा चार्जर बरोबर न्यावा आणि पैसे देण्याआधी तो दुकानदारासमोरच कॅमेऱ्याला लावून पाहावा.