‘मोबी डिक’मधील सुवर्णनाणे : प्रतीक आणि स्वभावदर्शन

हर्मन मेल्व्हिल याच्या ‘मोबी डिक’ (१८५१) या कादंबरीतील पांढऱ्या देवमाशाचा एकच अर्थ निश्चित करू पाहणाऱ्या अभ्यासकाने तिचे ९९ वे प्रकरण अवश्य अभ्यासावे. तो देवमासा प्रथम दृष्टीस पडेल त्यास बक्षीस म्हणून कप्तान एहॅबने डोलकाठीवर ठोकलेले इक्वेडोरचे सुवर्णनाणे येथे एकेक जण न्याहाळतो. त्यावरील मनोरा, ज्वालामुखी व कोंबडा या तिहींत एहॅबला स्वतःचेच रूप दिसते. श्रद्धाळू स्टारबकला तीन शिखरांत ख्रिस्ती त्रैक्याचा भास होतो. फ्लास्क मात्र १६ डॉलरांत ९६० सिगार येतील, असा हिशेब मांडतो. सोन्याचा कस कसोटीवर पाहतात. येथे सोनेच माणसांचा कस पाहते. वेडा ठरलेला पोरगा पिप ‘पाहणे’ या क्रियापदाची रूपे तेवढी चालवितो आणि नकळत हेच मर्म सांगून जातो. प्रतीकाचा अर्थ पाहणाऱ्याच्या स्वभावातून निष्पन्न होतो. फ्लास्कच्या हिशेबाने कोणाचेही अहित होत नाही. एहॅबच्या हाती मात्र सत्ता आहे. म्हणून सृष्टीत सर्वत्र स्वतःलाच पाहण्याची त्याची वृत्ती साऱ्या जहाजाचे प्रारब्ध ठरते, आणि इश्मेलखेरीज सर्वांना जलसमाधी मिळते.