कोंबड्यांच्या गादीची बफर क्षमता

हिवाळ्यात सकाळी पोल्ट्रीच्या शेडमध्ये शिरले की डोळे चुरचुरतात. रात्री थंडीसाठी पडदे सोडलेले असतात आणि आत अमोनिया कोंडलेला असतो. आपण थोड्या वेळाने बाहेर पडतो. कोंबड्या मात्र त्याच हवेत राहतात. अमोनिया फार वाढला तर त्यांच्या डोळ्यांना व श्वासनलिकेला इजा होते.

शेडमध्ये भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा पसरून गादी केलेली असते. विष्ठेतील युरिक आम्लाचे जिवाणूंकडून विघटन होऊन तिच्यात अमोनिया तयार होतो. ओलाव्यात तो दोन रूपांत असतो : उडून न जाणारा अमोनियम आयन आणि वायुरूपाने निसटणारा मुक्त अमोनिया. त्यांचे प्रमाण सामू ठरवतो. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असताना मुक्त अमोनिया जेमतेम अर्धा टक्का असतो. सामू ८ ला सुमारे ५ टक्के, तर ९ ला सुमारे ३६ टक्के. म्हणूनच गादी कोरडी राहावी म्हणून टाकलेला चुना कधी कधी वास वाढवतो. नवसागर आणि चुना तापवून अमोनिया मिळवण्याचा शाळेतील प्रयोग आठवून पाहावा.

मग आम्लधर्मी पदार्थ मिसळून सामू उतरवावा. पण तो किती घालायचा? आम्ही १० ग्रॅम गादी १०० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाण्यात कालवली. सामू ८.५ भरला. नुसत्या या आकड्यावरून हिशेब केला, तर सामू ७ वर आणण्यास ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल ०.००३ मिलिलिटर, म्हणजे थेंबाचा एक अंश पुरावा. प्रत्यक्षात काही मिलिलिटर आम्ल घातले तरी सामूदर्शक कागदाचा रंग फारसा बदलेना. आणि उतरलेला सामू दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडा चढलेला!

सामू म्हणजे विहिरीतील पाण्याची पातळी. बफर क्षमता म्हणजे विहिरीचा घेर. पातळी हातभर उतरवायला किती पाणी उपसावे लागेल, हे घेरावर अवलंबून असते. गादीतील बायकार्बोनेटे, फॉस्फेटे, अमोनिया आणि सेंद्रिय पदार्थ आम्ल रिचवत राहतात. खाद्यातून आलेले कॅल्शियम कार्बोनेट सावकाश विरघळते. म्हणून सामू मागाहून चढतो.

हा घेर मोजणे शाळेतही जमते. वरीलप्रमाणे मिश्रण करावे. ते गाळू नये, कारण घन कणही आम्ल रिचवतात. ब्युरेटमधून दर खेपेस २ मिलिलिटर आम्ल सोडावे, ढवळावे, फेस बसू द्यावा आणि दहा मिनिटांनी सामू पाहावा. मिश्रण तपकिरी असल्याने दर्शक द्रावणाचा रंग त्यात दिसत नाही. काचकांडीने थेंब कागदावर घ्यावा. आडव्या अक्षावर आम्ल व उभ्या अक्षावर सामू घेऊन आलेख काढावा. आलेख जिथे सपाट, तिथे बफर क्षमता अधिक.

समजा, सामू ८.५ वरून ६.५ वर येण्यास २० मिलिलिटर आम्ल लागले. म्हणजे १० ग्रॅम गादीने २ मिलितुल्यांक आम्ल रिचवले. सरासरी बफर क्षमता झाली दर ग्रॅमला, सामूच्या दर एककास ०.१ मिलितुल्यांक.

नमुना निरोगी पक्ष्यांच्या शेडमधूनच घ्यावा. हातमोजे व मुखपट्टी वापरावी आणि नंतर हात साबणाने धुवावेत. जुन्या व नव्या गादीचे आलेख एकाच कागदावर काढावेत. सामू सारखा असूनही दोन गाद्यांना लागणारे आम्ल किती वेगळे असू शकते, हे विद्यार्थ्यांना त्यावरून आपोआप कळेल.