घरगुती चित्रफितीचें संकलन

लग्नमुंजीचें चित्रण आतां खिशांतल्या फोनवर होतें आणि बहुधा तेथेंच पडून राहतें. दीड तासाची सलग फीत पाहण्याइतकी सवड पाहुण्यांना नसते. खरें पाहतां यजमानांनाही नसते. तींतून पाहण्याजोगीं दहा मिनिटें निवडून क्रमानें जुळविणें, हेंच संकलन. १९१३ सालीं दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला तेव्हां हें काम कात्रीचें होतें. फीत प्रत्यक्ष कापून डकवावी लागे. संगणकावर मात्र कांहींच कापलें जात नाहीं, आणि नवशिक्यानें सर्वांत आधीं समजून घेण्याची गोष्ट हीच.

घरगुती कामास पुरून उरणाऱ्या मुक्त आज्ञावलींपैकीं केडेनलाइव्ह ही एक. २००२ सालीं तिचा आरंभ झाला. लिनक्स, विंडोज व मॅक या तिन्हींवर ती चालते आणि तिच्यासाठीं दाम मोजावा लागत नाहीं. तिच्यांत फीत आणली तरी मूळ फीत आपल्या जागींच राहते. आज्ञावली केवळ टिपण ठेवते कीं, अमुक फितीचा अमुक क्षणापासून अमुक क्षणापर्यंतचा भाग येथें दाखवावा. पुराणिक पोथींत खुणेच्या चिठ्ठ्या घालतो, तसाच हा प्रकार. पोथीचें पान कांहीं फाटत नाहीं. हें टिपण साध्या मजकुराच्या रूपांत असतें. कोणाही जिज्ञासूला तें उघडून वाचतां येतें, आणि वर्गणी संपली म्हणून स्वतःचेंच काम कुलुपांत अडकलें, असा प्रसंग येत नाहीं. 'मुक्त' हा शब्द 'फुकट'हून मोठा आहे तो याच अर्थानें.

पण याच गुणांत एक धोका दडलेला आहे. काम जतन झालें अशा समजुतीनें नवशिका जागा मोकळी करण्यासाठीं मूळ चित्रण पुसून टाकतो. दुसऱ्या दिवशीं टिपण उघडावें, तों चिठ्ठ्या आहेत आणि पोथीच नाहीं! आजीच्या आवाजांतली ओवी अशी एकदा गेली कीं गेलीच. म्हणून फोनवरील सर्व चित्रण प्रथम संगणकावर एका फोल्डरमध्यें उतरवावें, त्याची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी, आणि मगच आज्ञावली उघडावी. काम पुरें झाल्यावर 'आर्काइव्ह प्रोजेक्ट' ही सोय टिपण व त्याला लागणारें चित्रण एकत्र बांधून देते.

पुढचें काम हाताला लवकर बसतें. उपयुक्त भाग जेथें सुरू होतो तेथें 'आय' ही कळ दाबावी, संपतो तेथें 'ओ', आणि 'व्ही' दाबतांच तो भाग खालच्या कालपट्टीवर जाऊन बसतो. फोन दर सेकंदाला सारखींच चित्रें घेतो असें नाहीं; त्यामुळें लांब तुकड्यांत ओठ पुढें आणि आवाज मागें, असा घोटाळा होऊं शकतो. अशा फितीचें रूपांतर करण्याविषयीं आज्ञावली स्वतःच विचारते, तिचें ऐकावें.

आवाजाकडे मात्र चित्राहून अधिक लक्ष हवें. चित्र थोडें हललेलें खपतें, मध्येंच तुटलेलें मंगलाष्टक खपत नाहीं. कडवें पुरें होऊं द्यावें. तें चालू असतांना वर चित्र हवें तितकें बदलावें, एकदां वधूची आई, एकदां अक्षता झेलणारीं मुलें. सर्व मनाजोगें जुळलें म्हणजे 'रेंडर' ही आज्ञा द्यावी. तींतून एमपी४ स्वरूपाची स्वतंत्र फीत तयार होते, आणि ती पाहण्यास पाहुण्यांच्या घरीं केडेनलाइव्ह असावें लागत नाहीं.