प्रयोगशाळेतला गर्भ आणि त्याचा खुराक



प्रयोगशाळेत तयार केलेला गाईचा गर्भ गाईच्या पोटात ठेवण्यापूर्वी सुमारे सात दिवस पोषक द्रावणात वाढतो. बेण्याला जशी जमीन, तसं गर्भाला हे द्रावण. पूर्वी त्यात रक्ताचा निवळ भाग, म्हणजे सीरम, सर्रास घालत. त्यानं गर्भ झपाट्यानं वाढे. पण पेशींत चरबी साठे आणि गोठवल्यावर गर्भ कमी टिके. १९९० च्या दशकात दिसून आलं, की अशा गर्भांची काही वासरं पोटातच अवाढव्य होतात, गाय अडते, वासरू दगावतं. द्रावणामुळं वाढीच्या जनुकांची शिस्त बिघडते. सीरमविरहित द्रावणांनी धोका कमी झाला, संपला नाही. म्हणून आम्ही सुचवतो, गर्भ घेताना वळूइतकीच द्रावणाचीही चौकशी करावी आणि गाय विताना डॉक्टर जवळ असावा.