मूल मागे का राहते?

वार्षिक निकाल तयार झाला की प्रत्येक वर्गातील काही नावे यादीच्या तळाशी दिसतात. अशा मुलांविषयी ‘बुद्धी कमी’ किंवा ‘अभ्यास करीत नाही’ असा शेरा देणे सोपे असते. परंतु हा शेरा म्हणजे कारण नव्हे. तो निकालाचाच पुनरुच्चार होय. मुलाची प्रगती अनेक गोष्टींवर अवलंबून असते. त्यांपैकी कोणती गोष्ट कोणत्या मुलाच्या आड येत आहे, हे शोधणे शिक्षकाचे पहिले काम ठरते. सातारा व सांगली जिल्ह्यांच्या परिस्थितीत पुढील चार कारणे विशेष विचारात घेण्यासारखी आहेत.

१. उपस्थिती. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण तालुक्यात तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. पश्चिमेकडील डोंगरी वाड्यांत आषाढ-श्रावणात ओढे भरले की लहान मुलांची शाळा बुडते. पूर्वेकडील माण, खटाव, आटपाडी, जत या भागांचा प्रश्न निराळा आहे. टेंभू, म्हैसाळ यांसारख्या उपसा योजनांचे पाणी अलीकडे काही गावांत पोहोचले आहे. तथापि पोटासाठी गाव सोडणारी कुटुंबे अद्याप आहेत. उलट कृष्णाकाठच्या कारखान्यांच्या परिसरात दुसऱ्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीच्या टोळ्या येतात व त्यांची मुले फडाजवळच्या खोपटांत राहतात.

गळिताचा हंगाम साधारणपणे दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन पाडव्याच्या आगेमागे संपतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस कामकाजाचे ठरविले आहेत. दिवाळीनंतर गेलेले मूल त्यांपैकी जवळजवळ निम्म्या दिवसांना मुकते. हे नुकसान सर्व विषयांत सारखे नसते. परिसर अभ्यासातील एखादा पाठ राहिला तरी पुढचा पाठ समजू शकतो. गणिताचे तसे नाही. हातच्याची वजाबाकी आणि पाढे ज्याला आले नाहीत त्याला भागाकार येणे शक्य नाही, आणि भागाकार अडला की अपूर्णांक अडतात. चौथीतील मुलाची चूक पुष्कळदा दुसरीतील गैरहजेरीत सापडते. म्हणून परत आलेल्या मुलास चालू पाठापासून न शिकविता तुटलेल्या दुव्यापासून शिकवावे. मूल गाव सोडताना शिक्षण हमी पत्रक द्यावे, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत त्यास प्रवेश मिळणे सुकर होते. जेथे हंगामी वसतिगृहाची सोय आहे, तेथे आजी-आजोबांजवळ राहू शकणाऱ्या मुलांच्या पालकांची हंगामापूर्वीच गाठ घ्यावी.

२. आहार व आरोग्य. भुकेल्या मुलाचे लक्ष फळ्याकडे राहत नाही. १९९५ साली देशात सुरू झालेल्या शालेय आहार योजनेचा हेतू पोषण व हजेरी या दोहोंशी निगडित आहे. आहार शिजतो की नाही एवढेच न पाहता कोण जेवत नाही, हेही पाहावे. पांडुरोग, जंत, मंद दृष्टी व कमी ऐकू येणे हे दोष वर्गात ‘आळस’ म्हणून वावरतात. फळ्यावरील मजकूर उतरवून घेताना चुकणाऱ्या परंतु पुस्तकातून नीट वाचणाऱ्या मुलाचे डोळे तपासून घ्यावेत.

३. घर व भाषा. घरी पुस्तक नाही, बसण्यास जागा नाही, धाकट्या भावंडास सांभाळावे लागते, अशा मुलास गृहपाठ देताना विचार करावा. खानापूर-आटपाडी भागातील अनेक पुरुष सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यानिमित्त परप्रांती असतात. अशा घरी पैशाची ददात नसली तरी अभ्यासाकडे पाहणारे माणूस नसू शकते. जत तालुक्यात कित्येक घरांची बोली कानडी आहे. तेथील मुलाचे पहिलीतील मौन हे अज्ञान नसून भाषेची अडचण असते.

परिस्थिती बदलली की प्रगती बदलते, याचा दाखला याच भूमीत आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये सातारा येथे वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातींची गरीब मुले एकत्र राहिली, श्रम करून शिकली. मुलांची बुद्धी कोणी बदलली नव्हती. राहण्याजेवण्याची व अभ्यासाची सोय तेवढी झाली होती.

४. शाळेतील वागणूक. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव १९०० साली साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे आणि ते गोणपाट रोज घरी न्यावे लागे, असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यांच्यासारखा विद्यार्थी त्यातूनही पुढे गेला. अपमानाने शाळा सोडलेल्यांची मात्र नोंद राहिली नाही. आजही मागचा बाक, ‘ढ’ ही हाक आणि कधीच न विचारला जाणारा प्रश्न ही त्याच जातीची गोणपाटे होत.

या चार कारणांपैकी पाऊस व दारिद्र्य शिक्षकाच्या हाती नाहीत. परंतु तुटलेला दुवा शोधणे, डोळे तपासविणे, पालकास वेळीच भेटणे व मुलास सन्मानाने वागविणे हे त्याच्या हाती आहे. प्रत्येक मागे पडलेल्या मुलाच्या नावापुढे एका वहीत तीन नोंदी ठेवाव्यात : किती दिवस गैरहजर, कोणत्या पायरीवर अडले, घरी कोण आहे. या नोंदी पूर्ण झाल्याखेरीज त्याच्या बुद्धीविषयी शेरा लिहू नये.